आधी ताट, मग पोर

अमेरिकेत कारखानदारी झपाट्याने वाढली, त्यानंतरच्या काळाला आमची पाठ्यपुस्तके ‘सुधारणांचे युग’ म्हणतात. सुधारणा झाल्या, हे खरेच. पण आधी कुणासाठी झाल्या, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारीत नाही.

अप्टन सिंक्लेअर यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या, लिथुआनियाहून आलेल्या मजुरांची दैना ‘द जंगल’ या कादंबरीत मांडली. १९०६ च्या फेब्रुवारीत ती पुस्तकरूपाने आली. वाचकांना मजुराचे हाल फारसे दिसले नाहीत. आपल्या ताटातले घाणेरडे मांस तेवढे दिसले! ३० जूनला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मांसतपासणीच्या कायद्यावर सहीसुद्धा केली. अवघ्या चार-पाच महिन्यांत! कारण उघड आहे. मांस घरोघरी पोचत होते, मजूर पोचत नव्हता.

कोणी म्हणेल, कामगारांचे हाल लोकांना ठाऊकच नसतील. मग गिरण्या-खाणींतल्या मुलांचे काय? लुइस हाइन यांनी १९०८ पासून गावोगाव हिंडून त्यांची छायाचित्रे काढली. जॉर्जियातील मेकनच्या गिरणीत तुटलेला धागा सांधायला चालू यंत्रावर चढलेली पोरे त्यांनी १९०९ साली टिपली. चित्रे छापली गेली, लोक हळहळले. १९१६ मध्ये बालमजुरीविरुद्ध केंद्राचा कायदा झाला, तोही १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. टिकाऊ कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. १९०९ साली यंत्रावर चढणारे दहा वर्षांचे पोर तोवर चाळिशीला टेकले होते.