हिरड्याची पारख आणि औषधी भांग

आंबेगावच्या पश्चिमेस भीमाशंकराच्या रानांत, आणि तेथून उत्तरेस जुन्नरच्या नाणेघाटापर्यंतच्या डोंगरपट्टीत, महादेव कोळ्यांची कुटुंबे उन्हाळ्यात कोवळा हिरडा झाडावरून उतरवून उन्हात वाळत घालतात, आणि तो सुरकुतून काळा पडला म्हणजे बाळहिरडा या नावाने व्यापाऱ्याकडे त्याचा भाव मोठ्या हिरड्याहून निराळा ठरतो. वृक्ष एक, फळही तेच; केवळ उतरवण्याची वेळ बदलली की जिन्नस बदलतो. हिरड्याचा तुरटपणा ज्या टॅनिनवर्गीय द्रव्यांमुळे येतो, त्यांत चेब्युलिनिक व चेब्युलॅजिक ही आम्ले प्रमुख असून कोवळ्या आणि पक्व फळांत त्यांचे प्रमाण सारखे नसते, हे रसायनशास्त्राने पुढे सिद्ध केले. परंतु फळ केव्हा उतरवावे याचा विवेक त्या रानांतील माणसांजवळ त्यापूर्वीपासून होता, आणि आमच्या भागाच्या या विद्येविषयी मला अंतःकरणापासून आदर वाटतो.

हे स्मरण होण्याचे कारण असे, की गुडघ्यांच्या वेदनेने किंवा निद्रानाशाने त्रस्त असलेले आपल्या मंडळाचे काही ज्येष्ठ सभासद, येथे परदेशातील दुकानांत औषधी भांगेच्या नावाने मिळणारी तेले घ्यावीत काय, अशी पृच्छा अलीकडे वारंवार करीत आहेत. हिरड्यासारखेच येथेही आहे: भांग म्हणजे एकच गुण असलेले एकच द्रव्य, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. या वनस्पतीत कॅनाबिनॉइड म्हणून ओळखली जाणारी शंभराहून अधिक द्रव्ये आढळतात. त्यांपैकी दोनच येथे महत्त्वाचे. टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य, ज्याची रचना राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ साली उलगडली. ते मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील राळेत विपुल असते, आणि ओल्या झाडात आम्लरूपाने असल्यामुळे उष्णता लागल्यावाचून त्याचा पूर्ण प्रभाव प्रकट होत नाही. दुसरे सीबीडी, त्याने नशा येत नाही, आणि बालवयातील अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांसाठी त्यापासून केलेल्या औषधास अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. आपल्या मेंदूतही या द्रव्यांशी सदृश असे एक द्रव्य स्वभावतःच निर्माण होते. १९९२ साली ते सापडले तेव्हा संशोधकांनी ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरूनच त्याचे नामकरण केले, याचे मला आजही कौतुक वाटते.

परंतु अपस्मारात उपयोगी ठरलेले द्रव्य गुडघ्यासही गुणकारी असेलच, असे मानण्यास आधार नाही. सीबीडी निरुपद्रवी आहे अशी समजूत करून घेऊ नये. यकृतात इतर औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांना ते अटकाव करते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास त्यामुळे अपाय संभवतो. टीएचसीने छातीत धडधड व तोल जाणे संभवते, आणि सत्तरीच्या माणसास एक पडणेही किती महाग पडते, हे आपल्यापैकी पुष्कळांस घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. बाटलीवर ‘भांगेचे तेल’ एवढाच मजकूर असेल तर ती घेऊ नये. दोन्ही द्रव्यांचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये लिहिलेले पाहावे, आणि ती बाटली डॉक्टरांपुढे, चालू असलेल्या सर्व औषधांच्या यादीसह ठेवावी.

सुट्टीत गावी जाणाऱ्यांस एक विनंती. हिंदुस्थानातील १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस यांना कडक निर्बंधाखाली ठेवले आहे, आणि येथील दुकानाची पावती तेथील विमानतळावर परवाना ठरत नाही. तेव्हा असली बाटली सामानात नेऊ नये. येताना मात्र घोडेगावच्या किंवा जुन्नरच्या बाजारात मूठभर बाळहिरडा अवश्य पाहून यावा.