आईची नजर आणि सरकारचा कायदा

मैत्रिणींनो, कुकर लावला की शिट्ट्या मोजायचं काम आपलं. रिंग सैल झाली की बदलायची, तेही आपलंच. पण जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह कारखान्यातूनच बसवून यावा लागतो. त्यासाठीच सरकारनं कुकरवर आयएसआयची खूण सक्तीची केली आहे.

मुलांच्या मोबाइलचं मात्र उलटंच झालंय. मुलगा रात्री एकपर्यंत रील्स बघत बसला, मुलीला कुणा अनोळखी माणसाचे मेसेज आले, की सगळं घर आईला विचारतं, "तुझं लक्ष कुठं होतं?" अहो, एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, ही करामत काही आईची नव्हे! ती कंपनीची. तेव्हा सरकारनं आधी कंपनीला जाब विचारायला हवा.

परदेशात हे सुरू झालंय. ब्रिटनमध्ये २०२० साली मुलांसाठी नियमावली लागू झाली. मूल वापरणार असेल तिथं खासगीपणाची सेटिंग्ज पहिल्यापासूनच कडक हवीत आणि मूल कुठं आहे हे कळवणारी सोय बंद हवी, असं ती सांगते. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉकवर खातं ठेवण्याची बंदी आली. तुम्ही म्हणाल, मुलं खोटं वय सांगतील. सांगतीलच! पण त्या कायद्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. दंड कंपनीला, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आईवडिलांना किंवा मुलांना नाही.

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. मुलांबाबतची जबाबदारी मोडली, तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. हे उत्तमच. पण अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची संमतीही त्यात आहे. सात वर्षांच्या बाळूला आणि सतरा वर्षांच्या ताईला एकच माप! शिवाय ज्या घरात आईच्या फोनचा पासवर्ड लेकालाच ठाऊक, तिथं संमतीचं बटण कोण दाबणार, सांगा बरं? उद्या काही विपरीत घडलं, तर "तुम्हीच होकार दिला होता" म्हणून कंपनीला हात झटकता येता कामा नयेत. सरकारनं एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

तोवर एवढं करा. मुलानं काही वाईट घडल्याचं सांगितलं, तर आधी रागावू नका, फोन हिसकावू नका. नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. मेसेज पुसू नका, तोच पुरावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यासाठी १९३० हे नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि मतं मागायला कुणी दारात आलं, की रस्ता-पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारायला विसरू नका.