डब्यावरची टक्केवारी

मोर्णेच्या पश्चिम तीरावरील जुन्या शहरात सकाळ उजाडते ती चहाच्या वासाने. वऱ्हाडाने कॉफीला कधी फारसे आपले मानले नाही. तुरीच्या डाळीचा पिढीजात व्यापार असलेल्या येथील एका जैन कुटुंबात मात्र कॉफी आली ती यात्रेच्या वाटेने, आणि येताना एक प्रश्न घेऊन आली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला. बारा वर्षांनी येणारा हा योग साधण्यासाठी हे कुटुंब खासगी बसने सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करून गेले. कर्नाटकात शिरल्यावर वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर पेल्यातून फेसाळ कॉफी समोर येई. घरातील आजींना ती इतकी भावली की परतताना त्यांनी अर्धा किलो पूड विकत घेतली. अकोल्यास आल्यावर एका दुपारी नातवाने पाकिटावरील मजकूर सहज वाचला : कॉफी ६० टक्के, चिकोरी ४० टक्के.

“ही चिकोरी कशाची होते रे?” आजींनी विचारले. नातवाने माहिती काढून सांगितले, “मूळ असते, आजी. भाजून दळतात.”

कंदमूळ न खाण्याचा आजींचा नियम चाळीस वर्षांचा होता. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला, आणि तो कशासाठी हे सुनेखेरीज कोणाच्याही लक्षात आले नाही.

चिकोरी म्हणजे आपल्याकडील जडीबुटीच्या दुकानदारांना ठाऊक असलेली कासनी. तिचे मूळ भाजून दळले की कॉफीसारखा रंग आणि कडसर चव येते. नेपोलियनच्या काळात समुद्रमार्गे येणारा माल अडला, तेव्हा फ्रान्समध्ये या मुळाने कॉफीची उणीव भरून काढली. आज ते भारतातही पिकते. गुजरातेत जामनगरच्या बाजूला त्याची लागवड होते. दक्षिणेकडील अनेकांना चिकोरीचा दाटपणा मनापासून आवडतो, आणि कायद्यानेही हे मिश्रण मान्य आहे. त्यात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे, एवढीच अट. तुरीच्या डाळीत लाखोळी मिसळून ती तूर म्हणून विकणे वेगळे आणि मिश्रण हे मिश्रण म्हणून विकणे वेगळे, हा फरक डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विकणाऱ्याने छापले होते. घेणाऱ्याने वाचले नव्हते.

नातू हुशार. त्याने वाद मांडला : हळद आणि सुंठ हीही जमिनीखालचीच, वाळल्यावर ती चालतात, मग भाजलेली चिकोरी का चालू नये? प्रश्न बिनतोड वाटतो. आजींचे उत्तर त्याहून साधे होते. “हळद-सुंठीचे मी नियम घेतानाच विचारून घेतले होते. हिचे विचारले नाही. विचारीपर्यंत नको.” काय चालते आणि काय नाही, हा ज्याचा त्याचा आणि ज्याच्या त्याच्या गुरूंचा विषय, परंतु पेल्यात काय आहे हे पिण्यापूर्वी कळले पाहिजे, हा आजींचा आग्रह रास्तच म्हणावा लागेल.

आजी कॉफी सोडण्याच्या विचारात होत्या. सूनबाईंनी ते होऊ दिले नाही. कॉफी हे झाडावरचे फळ, त्यातील बी. शुद्ध कॉफी मिळते, मग ती का सोडावी? गेल्या हिवाळ्यात थोरल्या मुलाने पुन्हा कर्नाटकास जाण्यासाठी आठ दिवसांकरिता कॅराव्हॅन भाड्याने घेतली. आत निजण्याची सोय, छोटासा ओटा, पाण्याची टाकी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशा गाड्यांबद्दल बरेच ऐकू येते. लांबच्या प्रवासापूर्वी एक दिवस मुक्तागिरीस जाऊन गाडीची आणि कॉफीची परीक्षा घ्यायचे ठरले.

पहिल्या परीक्षेत कॉफी नापास झाली. कारण पाणी. अकोला शहर काटेपूर्णा धरणाचे, म्हणजे महानचे पाणी पिते. पण अकोटकडे निघाले की पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा लागतो. घरून आणलेले पाणी स्वयंपाकातच संपले, वाटेत एका हातपंपावर टाकी भरली, आणि कॉफी खारट झाली. गाळले, उकळले, तरी मीठ जात नाही. तेव्हापासून कॉफीचे पाणी वेगळ्या डब्यात, घरचेच, आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही असा दंडक झाला.

दुसरे न्यून पुडीचे. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे गाळणीतून अर्क सावकाश आणि दाट उतरतो. शुद्ध कॉफीतून तेच पाणी भरभर निघून जाते आणि हाती पाणचट काढा येतो. यावर सूनबाईंनी काढलेला उपाय असा. बिया अखंड न्यायच्या आणि हातगिरणीवर लागतील तेवढ्याच दळायच्या, नेहमीपेक्षा किंचित बारीक. दळलेली पूड काही दिवसांतच वास गमावते. चार पेल्यांसाठी सुमारे ४० ग्रॅम पूड, गाळणीत हलकी दाबलेली, आणि २५० मिलिलिटर पाणी. पाणी उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून, एकदम न ओतता दोन खेपांत ओतायचे. पूड आपल्या वजनाच्या दुपटीइतके पाणी पिऊन टाकते. उरलेला १७० मिलिलिटरच्या आसपासचा अर्क चौघांना पुरतो. दूध वेगळे तापवावे. अर्क पुन्हा चुलीवर चढवला की तो कडवट होतो, आणि चूक मग साखरेने झाकावी लागते.

गाडी चालू असताना यातले काहीच करू नये. गाळणी हिंदकळते, पूड सरकते आणि एका बाजूने पाणी तसेच उतरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बंद गाडीत गॅस पेटवू नये. जळणातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. गाडी उभी, दार-खिडक्या उघड्या, शेगडी शक्यतो बाहेर. विजेच्या शेगडीचा मोह थोरल्या मुलाला झाला होता. १,२०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते हा हिशेब त्याने स्वतःच मांडला, आणि शेगडी घरी ठेवली.

वेळेची अडचण येईल असे वाटले होते, पण घडले उलटच. आजी सूर्योदयानंतर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, काही घेत नाहीत. तेवढ्या वेळात पाणी गाळून, उकळून, बिया दळून अर्क निवांत उतरतो. घाई नसल्याने तो चांगला उतरतो. दिवसाचा दुसरा पेला सूर्यास्ताच्या आत व्हावा म्हणून चालकाला थांबा आधीच सांगितलेला असतो. त्यामुळे काळोखात गाडी दामटण्याची वेळही येत नाही.

कर्नाटकातील त्या आठ दिवसांत आजींनी हॉटेलातील कॉफी घेतली नाही. मात्र हॉटेलात जाणे त्यांनी सोडले नाही. माणसे पाहावीत, बसावे, बोलावे, हे त्यांना हवेच असते. बसल्यावर त्या फक्त गरम दूध मागवीत. दूध आले की सूनबाई थर्मासमधील अर्क त्यात ओतीत. एका गावी हॉटेलमालकाने वास ओळखून पेला पुढे केला आणि थोडा अर्क मागून घेतला. पिऊन त्याने मान हलवली, पातळ आहे म्हणाला, आणि वास मात्र चांगला आहे असेही म्हणाला. बिल त्याने चार दुधांचेच लावले.