हिरवं प्रमाणपत्र आणि लॅबमधला जुना कॉम्प्युटर

सध्या प्रमाणपत्रांचा हंगाम आहे. प्लेसमेंटचे वारे वाहू लागले की जो तो क्लाउड, डेटा, एआय असं काही ना काही पदरात पाडून घेतो. या यादीत आता ‘ग्रीन आयटी’ची भर पडली आहे. कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर आणि डेटा सेंटर पर्यावरणाला कमीत कमी झळ लावून कसे चालवावेत, याचं हे शिक्षण. ब्रिटनमधली बीसीएस ही संस्था फी घेऊन याची परीक्षा घेते. 2021 मध्ये सुरू झालेल्या ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनचा ऑनलाइन कोर्स तर फुकट आहे, आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळतं.

मग करावं का हे? माझं मत असं, की जरूर करावं. पण कोर्स संपला म्हणजे काम संपलं, असं मानू नये.

विषय किरकोळ नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये जगभरच्या डेटा सेंटर्सनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. हे सगळं कुठे तरी दूर अमेरिकेत घडतं, असंही नाही. अमेझॉनच्या क्लाउड सेवेचं केंद्र नोव्हेंबर 2022 पासून आपल्या हैदराबादेतच आहे. आणि आपल्या देशातली बहुतांश वीज अजून कोळशावरच तयार होते. आपण ‘क्लाउड’ म्हणतो खरं, पण तो ढग जमिनीवरच असतो आणि त्याला वीज लागते, पाणी लागतं.

नोकरीच्या दृष्टीनेही याला अर्थ आहे. सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरणाचा हिशोब जाहीर करावा लागतो. हिशोब आला की हिशोब कळणारी माणसं लागणारच.

आता दुसरी बाजू. फ्रिजवर तारे असतात, ते फ्रिज तपासून दिलेले असतात. ग्रीन आयटीचं प्रमाणपत्र मात्र माणसाला मिळतं, तेही प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली म्हणून. त्याने पुढे एक युनिट तरी वाचवलं का, हे कोणी बघत नाही. ‘पी हळद नि हो गोरी’ म्हणतात ते हेच. आपल्याला घोकंपट्टीची सवय आहेच. उत्तरं पाठ करायची, पीडीएफ लिंक्डइनवर टाकायची, शंभर लाइक मोजायचे आणि नवा फोन घ्यायला मोकळं व्हायचं!

खरं तर या कोर्समधला सर्वांत मोलाचा धडा अगदी साधा आहे. यंत्र चालवताना प्रदूषण होतंच, पण ते घडवतानाही होतं, आणि फोन-लॅपटॉपच्या बाबतीत घडवतानाचा वाटाच मोठा असतो. समजा, एक लॅपटॉप बनवताना 240 किलो कार्बन हवेत गेला. तो चार वर्षं वापरला तर वर्षाला 60 किलो पडले, सहा वर्षं वापरला तर 40. म्हणजे हातातलं यंत्र जास्त दिवस चालवणं, हेच सामान्य माणसाच्या हातातलं सर्वांत सोपं ग्रीन आयटी. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या, त्यांना हे वेगळं शिकवावं लागलं नसतं.

या धड्याची परीक्षा सध्या आपल्यासमोरच आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे कित्येक कॉलेजांच्या लॅबमधले चालते कॉम्प्युटर एकदम ‘जुने’ ठरले. ते भंगारात काढायचे का? 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त 22.3 टक्क्यांची आहे. त्या ढिगात आपली भर कशाला? अशा कॉम्प्युटरवर लिनक्स टाकता येतं. टायपिंग, प्रोग्रॅमिंग, इंटरनेट यांसाठी ते पुरेसं आहे.

कोणी म्हणेल, काही सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. कबूल. मग तेवढे कॉम्प्युटर नवे घ्या, सरसकट सगळे कशाला? आणि जे खरोखर निकामी झालेत, ते भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत रिसायकलरकडे जाऊ द्या.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक सुचवावंसं वाटतं. आधी फुकटचा कोर्स करा. फीवाली परीक्षा एखादी कंपनी मागेल तेव्हा बघू. कोर्स झाला की चार-पाच जणांनी मिळून, सरांची परवानगी घेऊन, लॅबमधल्या कॉम्प्युटरची यादी करा: कुठला किती वर्षांचा, कशाला रॅम वाढवून भागेल, कशावर लिनक्स चालेल. ती यादी मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण लिहा. या कामात आपलं वाङ्मय मंडळही हात देऊ शकेल. अवघड शब्द सोपे करून सांगणं हेही भाषेचंच काम आहे.

उद्या मुलाखतीत कोणी विचारलं, “ग्रीन आयटीचं काय केलंत?” तर पीडीएफ सगळेच दाखवतील. तुम्ही सांगा, “आमच्या लॅबमधले इतके कॉम्प्युटर भंगारात जायचे वाचवले.”