टाचणीला टोचलेला इतिहास

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलेल्या कोणालाही ती पेटी आठवत असेल. वर काचेचे झाकण, आत पांढरा कागद चिकटवलेला मऊ तळ, त्यावर टाचणीला टोचून ओळीने बसवलेले नाकतोडे, भुंगेरे, फुलपाखरे आणि झाकण उघडताच नाकात शिरणारा डांबरगोळ्यांचा वास. परीक्षेपुरते त्या किड्यांकडे पाहायचे, त्यांची लॅटिन नावे घोकायची आणि निकाल लागला की सारे विसरून जायचे, हा आपला शिरस्ता.

या पेट्यांचे पुढे काय होते? विभाग नव्या इमारतीत जातो, कपाटे हलतात, अभ्यासक्रम बदलतो. एखाद्या दिवशी शिपाई विचारतो, ‘सर, हे जुनं सामान टाकून देऊ का?’ आणि सर कामाच्या गडबडीत मान हलवतात. आजचा लेख त्या मान हलवण्याबद्दल आहे.

कारण त्या वाळलेल्या किड्याच्या पोटात, पायात, पंखांच्या मुळाशी एक दस्तऐवज असतो. डीएनए नावाच्या चार अक्षरी लिपीत लिहिलेला. तो किडा कोणत्या जातीचा, त्याचे भाऊबंद कोण, कोणते विष पचवण्याची ताकद त्याच्या अंगी होती, हे त्यात नोंदलेले असते. पूर्वी हा दस्तऐवज वाचता येत नव्हता. आता येतो.

या विषयाची पहिली ओळख आपल्यापैकी अनेकांना चित्रपटगृहाच्या अंधारात झाली. ‘ज्युरासिक पार्क’ १९९३ मध्ये अमेरिकेत झळकला आणि १९९४ मध्ये आपल्याकडे हिंदीतून बोलू लागला. अंबर म्हणजे झाडाची दगडासारखी झालेली राळ. तिच्यात अडकलेल्या डासाच्या पोटातले रक्त काढायचे आणि त्यापासून डायनोसॉर जन्माला घालायचा, अशी ती कल्पना. नवल म्हणजे खरे शास्त्रज्ञही त्या वेळी याच धुंदीत होते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या संशोधकांनी अंबरमधल्या सुमारे अडीच-तीन कोटी वर्षे जुन्या वाळवीचा डीएनए मिळवल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी, चित्रपट झळकला त्याच आठवड्यात, लेबनॉनच्या अंबरमधल्या बारा कोटी वर्षांहून जुन्या सोंडकिड्याचा डीएनए मिळाल्याचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला.

पण विज्ञानाच्या दरबारात एकाने सांगून भागत नाही, दुसऱ्यालाही तेच दिसावे लागते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संशोधकांनी हे प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि १९९७ मध्ये सांगितले की, अंबरमधल्या किड्यांत प्राचीन डीएनए काही सापडत नाही. २०१३ मध्ये मँचेस्टरच्या मंडळींनी अंबरहून कितीतरी ताज्या राळेतल्या मधमाश्या तपासल्या. त्यांतली एक तर जेमतेम साठ वर्षांपूर्वीची. तिच्यातही खात्रीचे काही हाती लागले नाही. मग आधी सापडले होते ते काय? बहुधा प्रयोगशाळेतली भेसळ. आजच्या माशीचा, माणसाच्या बोटाचा, हवेतल्या बुरशीचा अंश. एका रेणूच्या कोट्यवधी प्रती काढणारे पीसीआर हे तंत्र इतके हावरे आहे की, जे मिळेल त्याच्या ते प्रती काढते. आपले कोणते आणि परके कोणते, हे त्याला कळत नाही.

म्हणजे डायनोसॉर गेला. पण जे उरले, ते आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

डीएनए जिवंतपणी सतत दुरुस्त होत असतो. प्राणी मेला की दुरुस्ती थांबते आणि पाणी, प्राणवायू व उष्णता मिळून ती लांब साखळी तोडू लागतात. न्यूझीलंडमधल्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, सुमारे १३ अंश तापमानाला साखळीच्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांपैकी निम्मे तुटायला ५२१ वर्षे लागतात. थंडीत हा काळ लांबतो. म्हणूनच ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाल्याचे २०२२ मध्ये जाहीर होऊ शकले. उन्हात तो आखडतो. सोलापूरचा पारा दर उन्हाळ्यात ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ठेवलेल्या पेटीत काय होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. त्यातल्या त्यात एक गोष्ट पथ्यावर पडते. टाचणीवरचा किडा कोरडा असतो आणि पाण्यावाचून साखळी सावकाश तुटते.

तुटलेले तुकडे वाचायचे कसे? फाटलेल्या पोथीची पाने जुळवावीत तसे. शंभर अक्षरांहून लहान तुकडे पूर्वी निरुपयोगी ठरत, आजची यंत्रे असे लाखो तुकडे एकदम वाचतात आणि संगणक ते जुळवतो. संग्रहपालांची दुसरी चिंता अशी की, डीएनए काढायचा म्हणजे किड्याचा पाय तोडायचा किंवा तो कुटायचा. जुना, दुर्मिळ नमुना कोण कुटू देईल? त्यावरही तोड निघाली. अख्खा किडा प्रथिने विरघळवणाऱ्या द्रावणात रात्रभर कोमट ठेवायचा, द्रावणात उतरलेला डीएनए घ्यायचा आणि किड्याला अल्कोहोलने धुऊन, वाळवून पुन्हा टाचणीवर बसवायचे. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००९ मध्ये या रीतीने १८८ वर्षांपर्यंत जुन्या भुंगेऱ्यांतून डीएनए मिळवला. किडा बाहेरून होता तसाच राहिला.

हे सारे ठीक, पण याचा आमच्या ज्वारीला, मक्याला, डाळिंबाला काय उपयोग, असे कोणी विचारील. तो प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका माशीने दिले आहे. मेंढ्यांना छळणाऱ्या या माशीवर १९५०च्या सुमारास नवी कीटकनाशके आली आणि काही वर्षांतच माशी त्यांना दाद देईनाशी झाली. ही ताकद तिला औषधानंतर आली की आधीपासून होती? २००६ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी औषध येण्यापूर्वी टाचणीवर बसलेल्या माश्यांचा डीएनए वाचला. मॅलॅथिऑनला पुरून उरणारा जनुकातला बदल त्या जुन्या माश्यांत आधीच होता. डायझिनॉनला तोंड देणारा बदल मात्र त्यांच्यात सापडला नाही. मॅलॅथिऑनची भुकटी आपल्या शेतकऱ्याच्याही ओळखीची. औषध का लागू पडेनासे होते, हा त्याचा रोजचा प्रश्न, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा असा जुन्या पेटीत निघाला.

आपल्या मातीतलाही एक प्रश्न असाच वाट पाहतो आहे. १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यात टोळधाडीने थैमान घातले. तो टोळ ‘बॉम्बे लोकस्ट’ याच नावाने जगाला ठाऊक झाला. सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल लेफ्रॉय यांनी त्यावर अहवाल लिहिला. त्यानंतर मात्र या टोळाची तशी मोठी धाड आली नाही. टोळ आहे, धाड नाही. असे का? अमेरिकेतला रॉकी पर्वतातला टोळ १८७०च्या दशकात आकाश झाकून टाकीत असे आणि १९०२ नंतर तो जिवंत दिसलेलाच नाही. तो संपला की दुसऱ्याच एखाद्या नाकतोड्याचे रूप घेऊन राहिला, हा वाद जुना होता. संग्रहालयातल्या टोळांच्या डीएनएने २००४ मध्ये तो वेगळ्या जातीचा असल्याकडे बोट दाखवले. आपल्या टोळाचे जुने आणि नवे नमुने शेजारी ठेवून असे काही विचारता येईल. पण त्यासाठी जुने नमुने जागेवर हवेत.

आणि फक्त जुनेच नव्हेत. सप्टेंबर २०१८ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तांदुळवाडीच्या मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली आणि राज्याला तिची वर्दी मिळाली. अळ्या एकमेकींसारख्या दिसतात, तेव्हा डीएनएवरून त्यांची ओळख पटवता येते. पण ओळख पटवायची म्हणजे ताडून पाहायला खात्रीने नाव लावलेला नमुना लागतो. नान्नजच्या माळरानावर १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. माळढोक दिसेनासा होत गेला, त्याच्या बातम्या झाल्या. त्याच्या खाण्यातले नाकतोडे आणि भुंगेरे कोणते होते, त्यांतले किती उरले, याची बातमी कोण देणार? पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने सहलीत पकडून टोचलेला नाकतोडाच ती देऊ शकेल.

मुंबईत १८८३ मध्ये आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. नमुने एकमेकांना दाखवावेत, टिपणे वाचावीत, एवढाच त्यांचा आरंभीचा हेतू. डीएनए हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. तरी त्या परंपरेने गोळा केलेला संग्रह आज नव्या शास्त्राच्या कामी येऊ शकतो. जपणाऱ्याला पुढचा उपयोग ठाऊक असावाच लागतो असे नाही.

यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प नको. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या पेट्यांची साधी यादी करावी. किड्याखालची चिठ्ठी, म्हणजे गाव, तारीख, पकडणाऱ्याचे नाव, प्राणापलीकडे जपावी, कारण चिठ्ठीवाचून किडा मुका असतो. नवे नमुने फॉर्मॅलिनमध्ये न घालता अल्कोहोलमध्ये आणि थंड जागी ठेवावेत. ज्यांना जपणे जमत नाही त्यांनी ते विद्यापीठाच्या किंवा पुण्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्राच्या हवाली करण्याचा विचार करावा. आणि पुढच्या वेळी शिपायाने ‘टाकून देऊ का?’ असे विचारले, तर सरांनी हातातले काम क्षणभर बाजूला ठेवावे, पेटीचे झाकण उघडावे आणि चिठ्ठीवरची तारीख वाचावी. मान आपोआप आडवी हलेल.