घरचा हिशेब : फी कुणाच्या खात्यातून भरायची?

जून उजाडला की घरोघरी कॉलेजच्या फीचे आकडे फिरू लागतात. बारावी झालेल्या मुलामुलींच्या आया या दिवसांत हमखास एक प्रश्न विचारतात, "मुलगा अजून कमावत नाही, सगळा खर्च आमच्यावरच आहे. मग आयकरात त्याबद्दल काही सूट नाही का मिळत?"

भगिनींनो, आपल्याकडे मूल आपल्यावर अवलंबून आहे एवढ्या कारणानं सूट मिळत नाही. अमेरिकेत मिळते. पूर्ण वेळ शिकणारं मूल चोवीस वर्षांचं होईपर्यंत काही अटींवर आईवडिलांना तिथल्या विवरणपत्रात 'अवलंबित' म्हणून दाखवता येतं. तिकडे राहणारी नणंद फोनवर सांगते ते तिच्यापुरतं खरंच असतं. आपला कायदा निराळा. इथं सवलत मिळते ती मुलासाठी केलेल्या ठरावीक खर्चाला, आणि ज्यानं तो खर्च केला त्यालाच. तेव्हा फी भरून झाल्यावर विचार करण्यापेक्षा भरण्याआधीच ठरवलेलं बरं.

सर्वांत आधी पाहायचं ते हे, की घरात कोण कोणत्या पद्धतीनं कर भरतं. २०२३-२४ पासून, आपण वेगळं काही कळवलं नाही तर, नवी पद्धतच लागू होते, आणि फी व शैक्षणिक कर्ज यांच्या सवलती तिच्यात नाहीत. त्या हव्या असतील तर जुनी पद्धत निवडावी लागते. पण घाई नको! २०२५-२६ या वर्षी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर पडत नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणखी वेगळी. तुमचं घर यात बसत असेल, तर फीच्या पावतीवर कर वाचवण्याचा खटाटोप कशाला? दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहावा आणि कमी येईल ती घ्यावी. नवराबायकोची पद्धत एकच असायला हवी असंही नाही. दोघांची विवरणपत्रं वेगळी, निवडही वेगळी.

जुनी पद्धत फायद्याची ठरली, तर फीचं असं असतं. भारतातल्या शाळा-कॉलेजातल्या पूर्ण वेळ शिक्षणाचं शिकवणी शुल्क दोन मुलांपर्यंत वजा करता येतं. विकास निधी, देणगी, वसतिगृह, खानावळ, क्लासची फी यात धरत नाहीत. म्हणून कॉलेजकडून प्रत्येक बाबीची रक्कम वेगळी दाखवलेली पावती मागून घ्यावी. मात्र भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते, घरकर्जाची मुद्दल आणि ही फी, सगळ्यांना मिळून मर्यादा दीड लाखाचीच.

इथंच खरी गोम आहे. ही मर्यादा घराला नसून प्रत्येक करदात्याला आहे. समजा दोघंही नोकरी करतात आणि दोघांनाही जुनी पद्धतच परवडते. यजमानांचे दीड लाख निधीत आणि विम्यातच भरलेले आहेत. बाईंचे मात्र ६० हजारच झालेत. मुलीची फी आहे ९० हजार. ती यजमानांनी भरली, तर वजावटीच्या दृष्टीनं वाया. तीच बाईंनी आपल्या खात्यातून भरली आणि वजावटीनंतरही त्यांचं उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात राहिलं, तर उपकरासह २८,०८० रुपये वाचतात. पुस्तकांचा आणि जाण्यायेण्याचा खर्च त्यातून निघेल! पुष्कळ घरांत बाईचा पगार वाणसामान, दूध आणि पाहुणेरावळे यांत जिरतो, आणि मोठ्या रकमेचा चेक 'ह्यांनी' द्यायचा अशी रीत पडून गेलेली असते. ती रीत एकदा कागद-पेन्सिल घेऊन तपासून पाहायला हरकत नाही.

शैक्षणिक कर्जाचंही असंच. बारावीनंतरच्या शिक्षणासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज जुन्या पद्धतीत वजा होतं, रकमेची मर्यादा नाही. परदेशातलं शिक्षणही चालतं. पण मुद्दल नाही, फक्त व्याज. शिवाय मामाकडून किंवा दिरांकडून घेतलेले पैसे यात बसत नाहीत. ज्याला वजावट हवी, त्याचं नाव कर्जाच्या कागदावर असावं आणि व्याजही त्यानं आपल्याच उत्पन्नातून भरावं. आणखी एक बारकावा. ही सवलत जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते, आणि व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून ती मोजतात. मुलाचं शिक्षण चालू असतानाच व्याज भरू लागलात, तर मोजणी तेव्हाच सुरू होते. तरीसुद्धा केवळ आठ वर्षं पुढं ढकलावीत म्हणून व्याज साचू देऊ नका. साचलेलं व्याज करसवलतीपेक्षा महाग पडू शकतं.

'अवलंबून' हा शब्द कामाला येतो तो आरोग्य विम्यात. स्वतःचा, जोडीदाराचा आणि अवलंबून असलेल्या मुलांचा हप्ता जुन्या पद्धतीत २५ हजारांपर्यंत वजा होतो. तो रोखीनं मात्र भरू नये.

राहता राहिलं मुलाचं स्वतःचं उत्पन्न. अठरा पूर्ण होईपर्यंत त्याच्या नावावरच्या ठेवीचं व्याज सहसा आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. अठरानंतर तो स्वतंत्र करदाता. तेव्हा त्याच्या पॅन कार्डावर फोटो आणि सही घालून घ्यावी, बँकेत खातं सज्ञान म्हणून बदलून घ्यावं. पैसे मात्र त्याचे म्हणून दिलेत की ते त्याचेच झाले, हेही मनाशी पक्कं असू द्यावं.

२०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे जुने आकडे पाठ करत बसू नका. एक फाइल करा. तिच्यात फीच्या पावत्या, बँकेचा व्याजाचा दाखला आणि विम्याच्या पावत्या लावा, आणि प्रत्येक कागदावर पैसे कुणाच्या खात्यातून गेले ते लिहून ठेवा. पुढच्या सत्राची फी भरायची वेळ येईल, तेव्हा ती फाइल दोघांनी मिळून उघडा आणि मगच चेक फाडा.