सिंधूसाठी रडणे पुरे

'एकच प्याला'ला नावे ठेवणे म्हणजे देव्हाऱ्याला पाय लावणे, हे मला ठाऊक आहे. तरीही ऐन दिवाळीत तो अपराध करतो. १९१९ साली, गडकरी गेल्यावर महिनाभरातच, गंधर्व मंडळींनी हे नाटक रंगभूमीवर आणले. तेव्हापासून शंभर वर्षे आपण दोनच गोष्टी करीत आलो : तळीरामाला हसलो आणि सिंधूसाठी रडलो. दुसऱ्यांची दळणे दळून संसार ओढणारी, नवऱ्याच्या काठीने मरणाच्या दारी पोचल्यावरही फौजदारापुढे त्यालाच वाचवणारी सिंधू! तिला पाहून पदर ओले झाले, आणि 'बायको असावी तर अशी' म्हणत पुरुषमंडळी सुपारी कातरीत घरी गेली.

दोष गडकऱ्यांचा नव्हे. सुधाकर दारू सोडतो, नोकरीसाठी दारोदार अपमान सोसतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो, हे त्यांनी नेमके टिपले आहे. पण ते आपण पाहिलेच नाही. पदे ऐकली!

बिली वाइल्डर यांच्या 'द लॉस्ट वीकएंड' या १९४५ च्या अमेरिकन बोलपटात रडायला अशी सोय नाही. आरंभीच खिडकीबाहेर दोरीला टांगलेली बाटली दिसते. भावाला फसवणारा, टंकयंत्र गहाण टाकायला वणवण फिरणारा तो लेखक हसवीत नाही, भिववतो. शेवट मात्र त्यांनीही गोड केलाच. आणि वाट पाहणारी प्रेयसी तिकडेही आहे.

कोणी म्हणेल, जुन्या नाटकाचे हे दुखणे आज कशाला उकरता? तर जरा बारामती-इंदापूरच्या फडात चला. माळेगाव, भवानीनगरचे बॉयलर याच सुमारास पेटतात आणि बीडकडून ऊसतोडीच्या जोड्या येऊन पाचटाच्या कोपी घालतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पहाटे भाकरी थापून फडात उतरणारी, मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढणारी ती बाई हिशेबात अर्धी. मुकादमाकडून उचल घेतो बहुधा नवरा, फेडतात दोघे. त्यातली किती गुत्त्यात गेली, हे तिला कोण सांगणार? साखर काढून उरलेल्या मळीचा मद्यार्क होतो, मद्यार्काची देशी दारू होते. म्हणजे तिनेच तोडलेला ऊस बाटलीतून तिच्याच कोपीत परत येतो, आणि रात्री तिच्या पाठीवर उमटतो.

तिला आपण काय सांगतो? सोस, माणूस सुधारेल. हे सिंधूचेच नाटक आहे, फक्त पेटी-तबला नाही.

दारूबंदीचा १९४९ चा कायदा आजही पुस्तकात आहे, आणि त्याच कायद्याखाली दुकानांना परवाने मिळतात! त्याच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे; तेथे व्यसन हा आजार मानून उपचार करतात. पिणाऱ्याला तिकडे न्यावे, हे खरेच. परंतु तोवर बाईच्या कष्टाचे पैसे बाईच्या हाती पडू द्या. कोयत्याचे दोन भाग करा, तिच्या वाट्याची उचल तिच्या नावे, तिच्या खात्यावर भरा. कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हाही प्रश्न विचारावा. त्यांच्यातले कितीतरी जण सिंधूसाठी रडलेले आहेत.

या हंगामाची उचल वाटून झाली. पुढची पावसाळ्यात वाटतील.